अक्का, तुझ्या पांढऱ्या पेशी काय खात होत्या?

अक्का,

शेवटचे पाच महिने मी तुला उपाशी ठेवलं. हे आधी लिहून टाकतो. तेराव्याला धारला जेवढी माणसं आली, त्यांतल्या बहुतेकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून एकच सांगितलं, "भावानं केलं हो बहिणीचं. असा भाऊ मिळायला नशीब लागतं." मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यांना वाटलं, दुःखानं बोलवत नाही.

देवासच्या आपल्या मंडळानं अंकासाठी तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. तू किती वर्षं धारच्या मुलींच्या शाळेत बायोलॉजी शिकवलीस, तुझ्या किती मुली पुढे डॉक्टर झाल्या, हे शाळेतले लोक लिहितील. मला ते लिहायचा हक्क राहिलेला नाही. मी तेवढंच लिहितो जे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. भावजींना माहीत आहे, पण तुझा नवरा कसा आहे ते तू जाणतेस. ते बोलायचे नाहीत.

आपलं भांडण तसं जुनं. नव्वदीच्या सुरुवातीला मी देवासच्या औषधांच्या कारखान्यात नवा लागलो होतो, आणि तू अकरावीच्या मुलींची बस घेऊन कारखाना दाखवायला आलीस. मी मोठ्या टाकीच्या शिडीवर उभा राहून हिंदीतून भाषण ठोकलं. या टाकीत बुरशी वाढते, तिच्यापासून औषध मिळतं, आम्ही वरून साखरेचं पाणी थेंबाथेंबानं सोडतो, साखर थांबली की वाढ थांबली. "चीनी हमारे हाथ में, तो ये भी हमारे हाथ में," असं म्हणून मी मूठ मिटून दाखवली.

तू सगळ्यांच्या मागे उभी होतीस. "मधू, तुझ्या टाकीत एकच जात वाढते ना?"

"हो."

"दुसरी शिरली तर?"

"तर आख्खी टाकी ओतून देतो."

तू मुलींकडे वळलीस. "देखो बेटा, फर्क यहीं है. शरीर टंकी नहीं है. वहाँ सब एक ही थाली में खाते हैं, और थाली फेंक भी नहीं सकते."

मला ते झोंबलं. नवी नोकरी, नवा पांढरा कोट, शेजारी माझे साहेब उभे. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "अक्का, किताब अलग चीज है, प्लांट अलग." मुली खिदळल्या. तू पण हसलीस. बसमध्ये चढताना म्हणालीस, "मोठा झालास रे." मी पंधरा वर्षं ते कौतुक समजत होतो.

तुझ्या छातीतली गाठ काढली, दोन वर्षं बरी गेली, आणि मग इंदूरच्या डॉक्टरांना यकृतात डाग दिसले. त्याच आठवड्यात ऑफिसच्या कंप्युटरवर मला एक लेख मिळाला. गाठीतल्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात, असं त्यात होतं. प्राणवायू मिळत असतानाही त्या साखर पुरती जाळत नाहीत, अर्धवट वापरतात आणि उरलेलं आम्ल बाहेर टाकतात. मी खुर्चीवरून उठलो. ही तर माझीच टाकी होती! अक्का, आता खोटं कशाला लिहू, मला त्या क्षणी आनंद झाला. तुझ्या यकृतात डाग होते, आणि तुझा आजार माझ्या विषयात आला म्हणून मी खूश होतो.

लेखाला दुसरं पानही होतं. गाठीच्या या खाण्यामुळे तिच्याशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींचं काय होतं, याबद्दल. त्यातल्या तीन ओळी वाचल्या आणि हा आपला विषय नाही म्हणून बंद केलं.

मग मी तुला धारहून देवासला उचलून आणलं. भावजी म्हणाले, "डॉक्टर तर सांगतात वजन उतरू देऊ नका, आवडेल ते खायला द्या." मी म्हणालो, "डॉक्टर कापाकापीतले आहेत, भावजी. पेशीचं मला विचारा." ते गप्प बसले. साधा क्लार्क माणूस, बी.एस्सी. मेहुण्यापुढे काय बोलणार? त्यांची ती गप्प बसायची सवय मी पुरेपूर वापरली.

कारखान्यात प्रत्येक टाकीचं एक कार्ड असतं. किती वाजता काय घातलं, किती घातलं, कोणी घातलं, खाली सही. तसंच कार्ड मी तुझं केलं. पोळी बंद, भात बंद, दूध बंद, फळं बंद, गूळ-साखरेचं तर नावच नको. दुधीचं पाणी, उकडलेली गिलकी, पनीरचे चार तुकडे, तेही तराजूत तोलून. दर रविवारी वजन. वजन उतरलं की शेजारच्या रकान्यात मी लिहायचो, "अपेक्षित." सलग नऊ रविवार मी "अपेक्षित" लिहिलं आहे. अक्षर चांगलं आहे माझं. पहिलीत तूच गिरवून घेतलं होतंस.

पहिल्या दिवशी तू कार्ड हातात घेऊन चष्मा वर-खाली केलास. "यात बॅच नंबर नाही टाकलास?"

"थट्टा नको, अक्का."

"अरे, एक्सपायरी तरी टाक. बाकीच्यांना सोयीचं पडेल."

वंदना, माझी बायको, स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसली. मी तिच्यावर ओरडलो. तुझ्यावर ओरडता येत नव्हतं, म्हणून तिच्यावर.

भाऊबीज आमच्याकडेच झाली. तुला उभं राहवत नव्हतं, म्हणून पाट पलंगाजवळ ओढला आणि तू बसूनच ओवाळलंस. आपल्याकडे बहीण भावाला भरवते, मग भाऊ त्यातला अर्धा तिला भरवतो. तू माझ्या तोंडात पेढा घातलास आणि आ करून थांबलीस. मी हात मागे घेतला. "तुला नाही." तू तोंड मिटलंस. मग हळूच, कोणाचं लक्ष नाही असं समजून, ज्या बोटांनी मला भरवलं ती बोटं ओठांना लावलीस.

मी पाहिलं. तांब्या आणला, तुझा हात धरला आणि ती दोन बोटं धुतली. टॉवेलनं पुसलीसुद्धा. निरांजन अजून ताटात जळत होतं.

वंदना उठून आत गेली. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, हिला शास्त्र कळत नाही.

तुला कळत होतं. दिवाळीनंतरच्या त्या दुपारी तू मला समोर बसवलंस, शाळेत एखाद्या नापास मुलीला बसवावं तसं. "मधू, गाठ साखर खाते, मान्य. आता सांग, माझ्या पांढऱ्या पेशी काय खातात?"

"त्यांना थोडं पुरतं."

"कोणी सांगितलं? बसून असतात तेव्हा पुरत असेल. लढायला उठल्या की एकीच्या दहा व्हायचं, दहाच्या हजार. ते काय दुधीच्या पाण्यावर होतं?"

मी घड्याळ पाहिलं. तुला राग आला नाही. तू तुझी ती उदाहरणं देण्याची पद्धत काढलीस. "सोनकच्छची मंडी डोळ्यापुढे आण. एक दांडगा व्यापारी आहे. जेवढा माल येतो तेवढा तोच उचलतो. वर आपल्या गोदामाचं घाण पाणी रस्त्यावर सोडतो. दुसऱ्यांच्या गाड्या आधीच रिकाम्या, त्यात चिखलात रुतलेल्या. हा तुझा ट्यूमर. मग माझा शहाणा भाऊ येतो आणि म्हणतो, मंडीच बंद करा! आता व्यापारी उपाशी राहील का? तो खेड्यात माणसं पाठवेल, घराघरातून कणगी उपसून आणील." तू बाही वर सरकवून दंड दाखवलास. कातडी लोंबत होती. "हे बघ. इथून नेतोय तो. मरतायत ते रिकाम्या गाड्यांवाले, म्हणजे माझ्या पांढऱ्या पेशी. माझ्या बाजूच्या होत्या त्या."

अक्का, मी इतका चांगला धडा पुन्हा कधी ऐकला नाही. तुझ्या शाळेतल्या मुलींनी तो ऐकला असता तर टाळ्या वाजवल्या असत्या. मी काय म्हणालो ते तुझ्या लक्षात असेल. मी म्हणालो, "अक्का, तुझी भूक बोलतेय."

तू बाही खाली केलीस. त्यानंतर आपण त्या विषयावर बोललो नाही.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी मी दोन विषयांत नापास झालो होतो, ते तू बाबांपासून लपवलंस. सगळी मे महिन्याची सुट्टी मला रोज दुपारी शिकवलंस आणि एकदाही टोमणा मारला नाहीस. मला पेशी पहिल्यांदा दाखवली तूच, शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून, कांद्याच्या पापुद्र्यातली. माझी नोकरी, तो पांढरा कोट, सगळं तिथून आलं. आणि मी ते सगळं तुझ्याच तोंडावर दरवाजासारखं बंद केलं.

भावजी दर शनिवारी धारहून यायचे, इंदूरला बस बदलून. मी दारातच त्यांची पिशवी तपासायचो. एकदा धुतलेल्या साडीच्या घडीत दोन गुळाच्या पोळ्या निघाल्या. ते म्हणाले, "भिया, कारखान्याच्या गेटवर पण असंच चालतं का?" मी म्हणालो, "तिथं जास्त कडक चालतं." पोळ्या मी त्यांच्यासमोर गाईला घातल्या. गाय खात होती तोवर ते फाटकाशी उभे राहून बघत होते. आत आल्यावर तू त्यांना विचारलंस, "काय आणलंत?" आणि ते म्हणाले, "काही नाही गं, साडी."

इंदूरला सलाइनमधून औषध चढवायला जायचो, तिथल्या बाकांवर तुझी शारदाबाईंशी गट्टी जमली. कन्नौदच्या, वयानं तुझ्याहून दहा वर्षांनी लहान, आजार तोच. त्यांचे मिस्टर सुभाषराव यांचं टेलरिंगचं दुकान. शिंद्यांच्या काळात आलेलं घराणं, मराठी अर्धी आपल्यासारखी, अर्धी हिंदी. तुम्ही दोघी बसून फक्त खाण्याबद्दल बोलायचात. शारदाबाई तुपात बुडवलेल्या बाफल्यांचं सांगायच्या, तू श्रीखंडाचं. मला तुमचं ते बोलणं अशिष्ट वाटायचं.

शारदाबाईंनी विचारलं, "तुमचे भाऊ सायंटिस्ट आहेत का?"

"छे! गेटकीपर आहेत," तू म्हणालीस.

तो टोला खाऊनही मी बॅगेतून तुझ्या कार्डाची झेरॉक्स काढली आणि सुभाषरावांच्या हातात दिली. "तीन महिने नीट पाळा. ट्यूमर भुकेनं मरतो." त्यांनी कागद कपाळाला लावून खिशात ठेवला. तू माझ्याकडे पाहिलंस. इतकं थंड तू माझ्याकडे आयुष्यात कधी पाहिलं नव्हतंस. गाडीत म्हणालीस, "माझं ठीक आहे रे. मी तुझी बहीण आहे. तिनं काय केलंय तुझं?"

फेब्रुवारीत तुला ताप आला. साधा ताप, खोकला. वंदनालाही झाला होता, तीन दिवसांत गेला. तुझा जाईना. डॉक्टरांनी रक्त पाहिलं, वजन पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहून विचारलं, "ये खाती क्या हैं?" मी कार्ड पुढे केलं. त्यांनी ते पूर्ण वाचलं. परत देताना एवढंच म्हणाले, "आप केमिस्ट हैं ना? रिश्तेदार बन जाते तो अच्छा होता."

त्या दिवशी भावजी पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. दवाखान्याच्या जिन्यात, लोकांसमोर. "बहोत हो गया! माझी बायको आहे ती!" तिथूनच तुला धारला घेऊन गेले. मी अडवलं नाही. मला वाटलं, आता काही झालं तर दोष त्यांचा. बघ, त्याही वेळी माझं डोकं तिकडेच चालत होतं.

पंधरा दिवस मी घरी बसून वाचलं. ते दुसरं पान पण वाचलं, पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात मंडी नव्हती, व्यापारी नव्हता, बाकी सगळं तुझंच होतं. लढायला उठलेली पांढरी पेशीसुद्धा साखरच मागते, आणि भरपूर मागते. गाठ तिच्या वाटची ओढून घेते. गाठीनं टाकलेल्या आम्लात ती बधिर होते. समोर शत्रू असतो आणि तिच्यानं हलवत नाही. ताटातली साखर बंद केली तरी रक्तातली संपत नाही, शरीर आपलं मांस मोडून ती करत राहतं. म्हणजे गाठीला मिळत राहिली. कमी पडली ती तुला.

मग मी शहाणा झालो आणि धारला आलो, पेढे, श्रीखंड, डब्यातला आंब्याचा रस, जे दिसेल ते घेऊन. तू उशीला टेकून होतीस. औषधांनी तोंडभर फोड आलेले. मी चमच्याच्या टोकावर श्रीखंड घेऊन पुढे केलं. तू जिभेला लावलंस आणि डोळ्यांत पाणी आलं. चवीनं नाही, आगीनं. मी पुसायला गेलो तर हात झटकलास.

"आता परवानगी मिळाली होय," म्हणालीस. "मधू, आता माझा घसाच चालत नाही."

मी माफी मागायला आलो होतो. वाटेत बसमध्ये वाक्यं जुळवली होती. आणि तोंडातून निघालं ते असं: "डॉक्टरांनी वेळेवर नीट समजावून सांगायला हवं होतं."

 मग विचारलंस, "त्या शारदाचं काय?"

"तिचं चाललं असेल बरं."

"कागद तिच्याकडे आहे अजून. फोन कर तिला. आज."

"बघतो."

"तू बघतो म्हणालास म्हणजे करणार नाहीस." भिंतीकडे तोंड केलंस. माझ्याशी बोललेलं ते तुझं शेवटचं वाक्य. चौथ्या दिवशी तू गेलीस.

डॉक्टर म्हणाले, आजार तसाही पुढे गेला होता, किती दिवस कमी झाले ते सांगता येणार नाही. मी तुला मारलं असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर त्यातही माझीच ऐट होईल, की तुझं मरणसुद्धा माझ्या हातात होतं. पण जगायचे होते ते दिवस माझ्या हातात होते. त्यातल्या एकेका सकाळी तुला पोहे-जिलबी खाता आली असती, भावजींशी धारला तलावाकाठी बसता आलं असतं. त्या सगळ्या सकाळी मी तोलून घेतल्या.

मी फोन केला नाही. तू बरोबर ओळखलं होतंस. फोन करायचा म्हणजे "मी चुकलो" असं म्हणावं लागणार होतं, आणि तुझ्या तेराव्यापर्यंत लोक मला आदर्श भाऊ म्हणत होते. ते मी पुरतं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी वंदनानं चहाचा कप समोर ठेवला आणि म्हणाली, "कन्नौदची बाई आहे की गेली, ते तरी विचारा." एवढंच. मी चप्पल घातली आणि चापड्यावरून कन्नौदला जाणारी बस पकडली.

शारदाबाई होत्या. दुकानामागच्या खोलीत बाजेवर बसून ब्लाउजला हुक लावत होत्या. ओझं खाली ठेवावं तसा त्यांचा हात दर दोन टाक्यांनी मांडीवर पडत होता. शिलाईच्या मशीनच्या वर, भिंतीला, तुझं कार्ड होतं. सुभाषरावांनी ते लॅमिनेट करून घेतलं होतं. माझी सहीसुद्धा स्पष्ट वाचता येत होती.

"या या भिया, बसा!" सुभाषरावांनी स्टूल पुसलं. "एक दिवस चुकवला नाही बघा. फक्त मागच्या हफ्त्यात हिनं चोरून शेंगदाण्याची चिक्की खाल्ली. मी दोन दिवस बोललो नाही हिच्याशी. बरं झालं आलात, तुम्हीच समजवा आता. तुमचं ऐकेल."

शारदाबाई नवऱ्याकडे न पाहता, अपराध्यासारख्या हसल्या. मग माझ्यामागे दाराकडे पाहू लागल्या. "अक्का नाही आल्या? मी म्हटलं होतं त्यांना, उन्हाळ्यात या, बाफले करू."

"अक्का गेल्या," मी म्हणालो. "पंधरा दिवस झाले."

सुई त्यांच्या हातात तशीच राहिली. सुभाषराव मशीनला धरून उभे होते. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "पण त्या तर तुमच्या घरी होत्या," ते म्हणाले. "तुमच्या नजरेखाली होत्या."

स्टुलावर बसवेना. मी खाली जमिनीवर बसलो, बाजेच्या पायाशी, आणि शारदाबाईंना म्हणालो,

"होत्या. मी त्यांना उपाशी ठेवलं, आणि तुम्हालाही. तो कागद चुकीचा आहे, माझा आहे, काढून टाका. डॉक्टरांना विचारा, आणि जे जाईल ते आजपासून खा, सुभाषराव, यांना खाऊ द्या. मला अर्धंच माहीत होतं, आणि जिला पुरतं कळत होतं तिचं मी ऐकलं नाही. तिची माफी मी तिच्या समोर बसूनही मागितली नाही. तुमची मागतो. मला माफ करा."